रुपया कुणाच्या बाजूनं पडतो?

(खामगाव इथल्या युवक मेळाव्यातलं भाषण)

मला इथं कविता म्हणायला बोलावलंय. पत्रिकेवर माझ्या नावापुढं कवी छापलंय आणि कंसात गोदी कामगार. कविता नंतर म्हणतो, कविता काय पळून चालली नाय. आधी रुपयाबद्दल बोलू द्या.

तुम्ही म्हणाल, हा दहावी पास माणूस, मुंबईच्या धक्क्यावर पोती उचलतो, हा आपल्याला डॉलर शिकवणार? शिकवणार नाय. मला एक सवाल पडला, त्याच्या मागं मी वर्षभर लागलो. काय हाती लागलं ते तुमच्यापुढं टाकतो. चुकलं तर इथंच पकडा.

सवाल माझा नाय, मायचा आहे. २०२५ च्या सहा डिसेंबरला माय दादरला आली होती. त्याच आठवड्यात डॉलरनं नव्वद रुपये ओलांडले होते. रात्री माझ्या खोलीवर भाकरी थापता थापता ती म्हणाली, "काऊन रे, डालर नव्वदचा झाला म्हणतात. मंग आपल्या कापसाले भाव काऊन नाई? अन् तेलाचा पुडा काऊन महागला?"

मी म्हणालो, "माय, ते मोठ्या लोकांचं गणित असतं."

माय म्हणाली, "भोगाव तर आपल्याले लागते ना."

झोप लागली नाय. कारण माझ्याच घरात त्या डॉलरची चार टोकं आहेत. बाप खामगाव तालुक्यात दुसऱ्याचं दोन एकर रान बटईनं करतो, त्यात कापूस. माय लोकांच्या वावरात कापूस वेचते, किलोवर मजुरी. मी गोदीत ठेकेदाराच्या टोळीत. धाकटा भाऊ शारजात गवंडी. एकच रुपया घसरला, तर चौघांना चार तऱ्हेनं लागतो. हे समजून घेतल्याशिवाय 'रुपया घसरला' म्हणून रडायचं की हसायचं, हे ठरवता येत नाय.

आधी या गावाचीच गोष्ट घ्या. खामगावचं नाव दोन गोष्टींसाठी बाहेर जातं, कापूस आणि चांदी. रुपयाचा सगळा इतिहास या दोन गोष्टींत आहे.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिथला कापूस अडला. मॅन्चेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर खिळली. १८७० ला जलंबहून खामगावपर्यंत रेल्वे आली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्घाटनाला आला. तुमच्या-माझ्या पणज्याच्या तब्येतीची विचारपूस करायला नव्हता आला तो. गाठी बंदरावर न्यायच्या होत्या. खामगाव ते लिव्हरपूल असा एक दोर बांधला गेला. त्या दोराचं एक टोक पौंडाचं, दुसरं रुपयाचं. मधे गाठ असते, तिला म्हणतात विनिमय दर. एका पैशाच्या बदल्यात दुसरा पैसा किती मिळतो, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हाचा रुपया कागदाचा नव्हता. चांदीचा होता. वजन बरोबर एक तोळा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि रुपये पाडून आणावेत. इंग्लंडचा पैसा मात्र सोन्याचा. १८७१ नंतर जर्मनीनं चांदी सोडून सोनं धरलं, इतर देश मागं गेले, खाणींतून चांदीही भरपूर निघाली. चांदी घसरली आणि तिच्यासोबत रुपया घसरला. १८७१ च्या सुमारास रुपयाला २३ पेन्स मिळत, १८९३ पर्यंत ते १५ पेन्सवर आले. पौंडाचे पेन्स २४०. भागाकार करा. आधी पौंडाला साडेदहाच्या आत रुपये, नंतर सोळा.

म्हणजे लिव्हरपूलला एक पौंडाची रुई विकली, तर इथल्या व्यापाऱ्याच्या हातात साडेदहाऐवजी सोळा रुपये. लिव्हरपूलचा भावही त्या वर्षांत उतरत होता, म्हणून सगळा फायदा पदरात पडला असं नाय. पण मुद्दा लक्षात ठेवा : रुपया घसरला की बाहेर माल विकणाऱ्याला जास्त रुपये मिळतात.

तिकडं इंग्रज सरकारला दरसाल लंडनला पौंड पाठवायचे असत. गोऱ्या साहेबांच्या पेन्शनी, कर्जावरचं व्याज. रुपया स्वस्त झाला तसं त्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागायला लागले. म्हणून १८९३ च्या जूनमध्ये सरकारनं टांकसाळी लोकांना बंद केल्या. आता रुपये पाडायचे तर सरकारच पाडणार. पुढं दर बांधला : एक रुपया म्हणजे एक शिलिंग चार पेन्स, पौंडाला पंधरा रुपये.

इथं बाबासाहेब येतात.

आपल्यात एक फॅशन आहे. स्टेजवर चढायचं आणि ठोकून द्यायचं, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली. टाळ्या पडतात. पण किती जणांनी त्यांचं रुपयावरचं पुस्तक उघडलं? मीसुद्धा उघडलं नव्हतं. महाराष्ट्र सरकारनं छापलेल्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात ते आहे. जाड इंग्रजी. एका हातात डिक्शनरी, पाळी संपल्यावर रोज दोन पानं. काही पानांनी मला अक्षरशः फेकून दिलं. परत गेलो.

हा प्रबंध त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी लिहिला, १९२३ ला तो पुस्तक म्हणून निघाला. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. कॅननना सगळं पटलेलं नव्हतं, तसं त्यांनी लिहिलंही. केन्स नावाचा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ या सरकारी चलनपद्धतीचं कौतुक करत होता. बाबासाहेबांनी त्याला समोरून विरोध केला.

त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. रुपयाला बाहेर किती पेन्स मिळतात, ते त्याला घरात किती जवारी मिळते त्यावर ठरतं. सरकारनं वाटेल तेवढे रुपये पाडले तर घरात महागाई होणार. घरात रुपयाची किंमत गेली की बाहेरचीही जाणार. तुम्ही बाहेरचा दर दोरीनं बांधून ठेवाल, पण घरातला रुपया सडत असेल तर ती दोरी तुटणारच. म्हणून आधी घरातली किंमत सांभाळा, आणि त्यासाठी रुपये पाडायचा सरकारचा मोकळा हात बांधा. टांकसाळ लोकांना बंद केली तशी सरकारलाही बंद करा.

हे काय पुस्तकी भांडण नव्हतं. १९२० मध्ये सरकारनं रुपया दोन शिलिंगांवर टांगायचा हट्ट धरला. तो टिकवायला लंडनमधला साठा विकत सुटले. दर तरी टिकला नाय, वर्षभरात दीड शिलिंगाच्याही खाली आला. पैसा मात्र गेला, आणि तो रयतेचा होता.

मग हिल्टन यंग कमिशन आलं. १५ डिसेंबर १९२५ ला बाबासाहेबांनी त्याच्यापुढं साक्ष दिली. वय चौतीस. भांडण चालू होतं ते दराचं. गिरणीवाले आणि व्यापारी म्हणत, रुपया एक शिलिंग चार पेन्सच ठेवा, म्हणजे स्वस्त ठेवा. सरकारचा कल एक शिलिंग सहा पेन्सकडे, म्हणजे महाग. कमिशनमध्ये असलेल्या पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी चार पेन्सच्या बाजूनं वेगळं मतपत्र जोडलं. सगळे म्हणत होते, आम्ही शेतकऱ्यासाठी बोलतोय.

बाबासाहेबांनी विचारलं ते दुसरंच. स्वस्त रुपयानं व्यापाऱ्याला फायदा होतो, कबूल. पण तो फायदा येतो कुठून? परदेशी माणसाच्या खिशातून नाय. रुपया घसरला की वस्तूंचे भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. मधल्या काळात मजुराच्या ताटातून जे कमी होतं, तेच व्यापाऱ्याच्या वहीत नफा म्हणून चढतं. देश श्रीमंत होत नाय. देशातल्या एकाचं दुसऱ्याकडं जातं.

दोस्तहो, हे वाचलं त्या रात्री मी पुस्तक मिटून बसलो. शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं, आणि माझ्या हजेरीपत्रकावर लागू पडत होतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी पण नुसता भक्तच. १९२७ ला कायदा झाला, दर ठरला एक शिलिंग सहा पेन्स. पौंडाला पंधराऐवजी तेरा रुपये पाच आणे चार पै. वऱ्हाडच्या कापसाचे त्याच पौंडात नऊ रुपयांपैकी एक रुपया कमी झाला. शेतसारा मात्र तेवढाच. सावकाराचं व्याज तेवढंच. दोन वर्षांत जागतिक मंदी आली, कापसाचे भाव कोसळले, तरी दर हलवला नाय. म्हणजे महाग रुपयानं कर्जात बुडालेला कुणबी अजून बुडाला. आणि त्याच्या वावरात राबणारा आपला माणूस? मालक बुडाला की मजुराचा हंगाम आधी बुडतो. स्वस्त जवारी विकत घ्यायला हातात मजुरी तर पायजे.

गिरणीतही तेच. १९२५ ला मुंबईच्या मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, संप झाला. १९२८ ला सहा महिन्यांचा संप झाला. तेव्हाही आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धागा तोंडानं ओढावा लागे. म्हणजे रुपया महाग असो की स्वस्त, जास्त मजुरीचं खातं आपल्याला बंदच. विनिमय दर सगळ्यांना लागतो, पण उभा राहायचा दगड जातीनं आधीच वाटून ठेवलेला असतो.

आता आजकडे या. दर पेन्सात नाय, डॉलरात आहे. १९६६ च्या जूनमध्ये सरकारनं डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसातवर नेला. १९९१ ला तिजोरीत काही आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले, सोनं गहाण टाकायला विमानानं परदेशी गेलं आणि जुलैत दोनदा रुपया खाली आणला. १९९३ पासून दर बाजारावर सोडला. म्हणजे आता रोज बदलतो. पण अगदी मोकळा नाय. रिझर्व्ह बँक दोरी धरून बसलेली असते.

ही दोरी कशी ओढतात ते सांगतो, मायच्या सवालाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना उसने देते, त्याला रेपो दर म्हणतात. २०१६ पासून तिला कायद्यानं काम दिलंय, महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवा, दोन वर, दोन खाली. आता बघा काय होतं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं व्याज जवळपास शून्यावरून वर न्यायला सुरुवात केली, जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच-साडेपाचवर नेलं. पैसेवाल्याचा पैसा पाण्यासारखा असतो, जिकडं उतार तिकडं. तो इथले शेअर विकतो, रुपये देऊन डॉलर घेतो, निघून जातो. सगळेच डॉलर मागायला लागले की डॉलर चढतो, रुपया पडतो.

रिझर्व्ह बँकेपुढं मग दोन रस्ते. एक, आपलंही व्याज वाढवा म्हणजे पैसा थांबेल. तसं केलं, मे २०२२ च्या आधी चार टक्के होतं ते फेब्रुवारी २०२३ ला साडेसहा झालं. दोन, साठ्यातले डॉलर विका. तेही केलं. सप्टेंबर २०२१ ला साठा सुमारे ६४० अब्ज डॉलर होता, ऑक्टोबर २०२२ पर्यंत ५२५ च्या आसपास उतरला. त्यात काही घट साठ्यातल्या इतर चलनांची किंमत पडल्यामुळं, पण बरेच डॉलर विकलेलेच. आणि बँक डॉलर विकते तेव्हा बदल्यात बाजारातले रुपये आत ओढून घेते. म्हणजे डॉलर विकणं हीसुद्धा एका अर्थी चलन आवळण्याचीच रीत. पैसा आखडतो. रिक्षाचं कर्ज महागतं, बिल्डर साइट थांबवतो, नाक्यावर उभ्या माणसाला काम मिळत नाय. न्यूयॉर्कच्या पैशाला थांबवायला खामगावच्या मजुराचा दिवस खाडा.

तीन गोष्टी एकदम मिळत नायत, हे नीट ध्यानात ठेवा. पैशाला देशाबाहेर मोकळं येऊ-जाऊ द्यायचं, दर पक्का बांधायचा, आणि व्याज आपल्या मर्जीनं ठरवायचं. तीन बैल आहेत, जू दोघांचंच. माझा भाऊ राहतो तिथं दिरहम डॉलरला १९९७ पासून एकाच दरानं बांधलेला आहे, ३.६७२५. पैसा मोकळा, दर पक्का. म्हणून व्याज त्यांना अमेरिकेच्या मागोमाग न्यावं लागतं. आपण मधे लोंबकळतो. थोडा दर सांभाळायचा, थोडं व्याज. २०२५ मध्ये इथं महागाई उतरली म्हणून बँकेनं व्याज चारदा कमी केलं, डिसेंबरात सव्वापाचवर आणलं. त्याच वर्षअखेर रुपया नव्वदपार. व्याज हे त्यामागचं एकच कारण नाय, परदेशी पैसा इतर कारणांनीही निघून जात होता. पण दोर एकच आहे, एक टोक ओढलं की दुसरं हलतं.

आता माझ्या घरातले चौघं.

भाऊ. २०२१ ला एका दिरहमाला वीस रुपये मिळत, २०२५ च्या डिसेंबरात साडेचोवीसच्या आसपास. त्याचा पगार वाढला नाय, तरी घरी जास्त रुपये येतात. जायच्या वेळचं सावकाराचं कर्ज रुपयात होतं, ते लवकर फिटलं. घसरलेल्या रुपयानं आमच्या घरात एकट्याला हात दिला.

बाप. कापसाचा जगातला भाव डॉलरात ठरतो. सोप्या हिशोबाला एक किलो रुई दीड डॉलरची धरा. डॉलर पंच्याहत्तरचा असेल तर साडेबाराशे कमी शंभर, नाय चुकलो, बघा, पोती मोजणाऱ्याची ही गत : साडेबारा आणि शंभर, ११२ रुपये ५० पैसे. डॉलर नव्वदचा झाला तर १३५. म्हणजे बापाला फायदा व्हायला पायजे. पण बाहेरून येणाऱ्या कापसावर ११ टक्के आयातशुल्क होतं. त्यामुळं बाहेरची रुई गिरणीला १३५ ऐवजी जवळपास १५० ला पडली असती. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं ते शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. ऐन आपला कापूस बाजारात यायच्या टायमाला. रुपयानं दिलेलं शुल्कानं काढून घेतलं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामाला ८११० रुपये क्विंटल होता. बटईवाल्याच्या नावावर सातबारा नाय, मग हमीभावाच्या दारात तो स्वतःच्या नावानं उभा राहणार कसा? तो खेडा खरेदीवाल्याला देतो, मिळेल त्या भावात. आणि वावरात टाकायचं पोटॅश सगळं परदेशी, डिझेल परदेशी क्रूडचं. खर्च डॉलरात चढतो, भाव रुपयात बसतो.

माय. तिची मजुरी किलोवर. डॉलर ७५ चा असो की ९० चा, वेचणीचा दर मालक बघून ठरवतो. आणि देशाचं निम्म्याहून जास्त खायचं तेल बाहेरून येतं, डॉलर मोजून. तिच्या बाबतीत बाबासाहेबांचं वाक्य न वाक्य खरं : भाव आधी, मजुरी मागून.

मी. गोदीत परदेशी तुरीची पोती मी पाठीवर घेतो. मोझांबिकची, टांझानियाची. २०२१ पासून तूर मोकळी येऊ दिली. ती पोती उतरवली की मला हजेरी मिळते, आणि खामगावच्या बाजारात माझ्या गावच्या तुरीचा भाव पडतो. एका हातानं बापाचं उतरवतो, दुसऱ्या हातानं मायच्या डाळीचा भाव आवरतो. यावर कविता लिहायला बसलो होतो. झाली नाय.

कायम कामगाराला महागाई भत्ता असतो, भाव चढले की पगार थोडा तरी चढतो. माझ्यासारख्या ठेक्यावरच्याला काय? मागच्या साली आम्ही मुकादमाला विचारलं, तेल-डाळ वाढली, हजेरी कधी वाढणार? तो म्हणाला, टेंडर जुन्या रेटचं आहे. म्हणजे ठेकेदाराचा रेट बांधलेला, आमचा बांधलेला, फक्त भाजीवाल्याचा मोकळा.

म्हणून, मायला मी आता असं उत्तर देतो : डॉलर महाग झाल्याचं तेल तुझ्यापर्यंत सरळ पोचतं, आणि डॉलर महाग झाल्याचा कापसाचा पैसा वाटेत चार जण उतरवून घेतात. रुपया कुणाच्या बाजूनं पडतो? ज्याच्याकडं आपला भाव ठरवायची ताकद आहे त्याच्या. घसरला तरी, चढला तरी.

मग 'रुपया मजबूत करा' ही आपली घोषणा नाय. 'रुपया स्वस्त करा' हीपण नाय. मालक लोक यातली एक घोषणा आपल्या तोंडात घालतात आणि मागं उभे राहतात, १९२५ ला शेतकऱ्याच्या नावानं केलं तसं. आपली मागणी साधी आहे. भाव चढतील तशी मजुरी चढलीच पायजे, ठेक्यावरच्याची, वेचणाऱ्या बाईची, सगळ्यांची. बटईदाराला हमीभावाच्या यादीत त्याच्या स्वतःच्या नावानं जागा पायजे. आणि आयातशुल्क उठवायचं तर हंगामाच्या तोंडावर का, याचा जाब पायजे.

आणि एक काम. इथं वीस-पंचवीस वस्त्यांतली पोरं बसलीत. घरी जा, शाळेची वही घ्या, चार रकाने पाडा. वेचणीचा दर, तेलाचा पुडा, कापसाचा भाव, डॉलर. दर आठवड्याला भरा, वर्षभर. पुढच्या मेळाव्याला ती वही घेऊन या. मग कुणी साहेब म्हणाला की मजुरी आपोआप वाढते, तर त्याच्यापुढं घोषणा देऊ नका. वही ठेवा.

माझी वही सुरू आहे. पहिल्या पानावर मायचा सवाल लिहिलाय, तिच्याच भाषेत.

आता कविता म्हणतो.